टायर-साखळी

टायर-साखळी म्हणजे बर्फाच्छादित रस्त्यावर वाहनाची पकड वाढवण्यासाठी चाकाच्या टायरभोवती बांधली जाणारी पोलादी साखळ्यांची जाळी होय. व्यवहारात तिला स्नो चेन किंवा नुसते चेन असे म्हणतात. मोटारी, जीप, लष्करी ट्रक, बस आणि बर्फ हटवणारी यंत्रे अशा सर्व प्रकारच्या चाकी वाहनांना ती लावता येते. चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळणाऱ्या म्हणजे फोर-व्हील ड्राइव्ह वाहनालाही साखळीची गरज पडते. ‘गाडी फोर बाय फोर आहे, मग साखळी कशाला?’ हा समज मैदानी प्रदेशातील चालकांत सर्रास आढळतो आणि बर्फातील अपघातांच्या मुळाशी अनेकदा तोच असतो.

महाराष्ट्रात हिमवृष्टी होत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात थंडीच्या कडाक्यात दवबिंदू गोठतात, तेवढाच काय तो बर्फाचा अनुभव. पुणे शहराचे नोंदलेले नीचांकी तापमान १.७ अंश सेल्सिअस असून ते १७ जानेवारी १९३५ रोजी नोंदले गेले. तरीही या विषयाशी पुण्याचा दुहेरी संबंध आहे. हिमालयातील रस्ते बांधणाऱ्या व उघडे ठेवणाऱ्या दलाचे प्रशिक्षण केंद्र पुण्यातील दिघी येथे आहे. आणि स्वतःची गाडी घेऊन मनाली, लाहौल, लडाख किंवा काश्मीरला जाणाऱ्या पर्यटकांत पुणेकरांचा भरणा मोठा आहे.

इतिहास

चिखलात किंवा बर्फात फिरणाऱ्या चाकाला दोर गुंडाळण्याची युक्ती फार जुनी आहे. महाराष्ट्रातही पावसाळ्यात शेताच्या वाटेवर रुतलेल्या गाडीच्या चाकाला दोर किंवा साखळी गुंडाळून ती बाहेर काढली जाते. मोटारी नव्याने रस्त्यावर आल्या तेव्हा अमेरिकेतील चालकही हेच करीत. न्यूयॉर्क राज्यातील कॅनास्टोटा या गावच्या हॅरी वीड याने हा प्रकार पाहूनच दोराऐवजी पोलादी साखळीची कल्पना लढवली, असे सांगितले जाते. त्याला २३ ऑगस्ट १९०४ रोजी हवा भरलेल्या टायरसाठीच्या साखळीचे अमेरिकी पेटंट मिळाले. टायरच्या दोन्ही बाजूंना दोन लांब साखळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या, टायरच्या पाठीवरून जाणाऱ्या आडव्या साखळ्या हा त्याचा आराखडा आजही मूळ स्वरूपात टिकून आहे. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या जीप आणि ट्रक यांनी चिखल व बर्फ या दोहोंत साखळ्यांचा वापर केला.

रचना आणि प्रकार

साखळीचे मुख्य भाग तीन असतात : चाकाच्या आतल्या व बाहेरच्या अंगाला राहणाऱ्या बाजूच्या साखळ्या, टायरच्या धावेवरून जाणाऱ्या आडव्या साखळ्या आणि सर्व ताणून धरणारी व्यवस्था. ताण देण्यासाठी आकडे, फिरत्या कळा, रबरी ताणपट्टे किंवा आपोआप घट्ट होणारी खटकेदार यंत्रणा वापरतात. काही साखळ्यांत आतल्या बाजूला साखळीऐवजी लवचिक तारेचे कडे असते. ते चाकामागून ओवून वर जोडता येते, म्हणून गाडी पुढेमागे न हलवता साखळी चढवता येते.

आडव्या साखळ्यांच्या मांडणीवरून दोन प्रकार पडतात. पहिला शिडीचा. यात आडव्या साखळ्या शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे समांतर असतात. ही साखळी मजबूत, स्वस्त आणि दुरुस्तीला सोपी असल्याने ट्रकसाठी ती विशेष वापरतात. मात्र दोन पायऱ्यांच्या मधला टायरचा भाग जमिनीला टेकतो तेव्हा त्या क्षणापुरती पकड कमी होते आणि चाक हलके हलके हादरे देते. शिवाय पायऱ्या गाडीच्या दिशेला आडव्या असल्याने पुढे ओढण्यास आणि थांबवण्यास त्या उत्तम, परंतु गाडीला कडेला घसरण्यापासून रोखण्यास कमी पडतात. दुसरा प्रकार शंकरपाळ्याच्या आकाराच्या जाळीचा. त्यात साखळीचा काही ना काही भाग सतत जमिनीवर असतो, त्यामुळे वळणावरची पकड आणि चालण्यातील सफाई दोन्ही सरस ठरतात. किंमत मात्र अधिक असते.

साखळी टायरच्या मापाप्रमाणेच घ्यावी लागते. टायरच्या कडेवर ते माप छापलेले असते. उदाहरणार्थ, महिंद्र थारच्या एका प्रचलित आवृत्तीच्या टायरवर ‘२५५/६५ आर १८’ असे माप असते. यातील २५५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ ही रुंदीच्या तुलनेत टायरच्या कडेची टक्केवारीतील उंची आणि १८ हा रिमचा व्यास इंचांत होय. मूळ टायर काढून अधिक रुंद टायर बसवण्याची हौस अनेकांना असते. अशा गाडीत चाक आणि आतली ब्रेकची नळी, सस्पेन्शन किंवा मडगार्ड यांच्यातील मोकळी जागा घटते आणि साखळी तेथे घासू लागते. काही गाड्यांच्या पुस्तिकेत विशिष्ट मापाच्या टायरवर साखळी लावूच नये असे स्पष्ट लिहिलेले असते. पुस्तिकेतील हे पान प्रवासाला निघण्यापूर्वी वाचणे आवश्यक आहे. घाटात ते वाचून उपयोग नसतो.

घर्षण आणि फोर-व्हील ड्राइव्ह

वाहन पुढे जाते, वळते आणि थांबते ते केवळ टायर व रस्ता यांच्यातील घर्षणाच्या बळावर. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणगुणांक साधारणतः ०.७ ते ०.८ असतो. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तो ०.२च्या आसपास येतो आणि गुळगुळीत, कठीण बर्फावर ०.१ किंवा त्याहूनही खाली जातो. बर्फ सर्वांत निसरडा असतो तो कडाक्याच्या थंडीत नव्हे, तर तापमान शून्य अंशाच्या जवळ असताना. कारण त्या वेळी त्याच्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर असतो. उन्हाने वितळलेले आणि संध्याकाळी पुन्हा गोठू लागलेले पाणी म्हणूनच अत्यंत घातक. डांबरावर त्याचा पारदर्शक पापुद्रा धरतो आणि रस्ता नुसता ओला असल्यासारखा दिसतो. त्याला काळा बर्फ असे म्हणतात.

दोन चाकांना ओढ असलेल्या गाडीत इंजिनाची शक्ती ज्या चाकांना मिळते, त्यांच्यावर गाडीचे सुमारे निम्मे वजन असते. म्हणजे उपलब्ध घर्षणापैकी निम्मेच घर्षण गाडी ओढण्याच्या कामी येते. घर्षणगुणांक ०.१ असेल, तर अशी गाडी सुमारे २० फुटांत १ फूट चढणाऱ्या रस्त्यावर आपल्या मर्यादेला पोहोचते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या निकषांत डोंगराळ भागातील रस्त्यांची नेहमीची चढण नेमकी हीच, म्हणजे २०ला १ अशी धरलेली आहे. याचा अर्थ, नेहमीच्या घाटरस्त्यावर कठीण बर्फ धरला की साध्या गाडीचे चाक जागीच फिरू लागते. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये गाडीचे सर्व वजन ओढणाऱ्या चाकांवर असते, त्यामुळे तीच गाडी सुमारे १०ला १ इतकी चढण चढू शकते. चढण्याची क्षमता अशा रीतीने जवळपास दुप्पट होते. फोर-व्हील ड्राइव्हचा हा लाभ खरा आणि मोलाचा आहे.

थांबण्याच्या बाबतीत मात्र हा लाभ शून्य असतो. ब्रेक प्रत्येक मोटारीच्या चारही चाकांना असतात. त्यामुळे साधी गाडी आणि फोर-व्हील ड्राइव्ह गाडी बर्फावर सारख्याच अंतरात थांबतात. किंबहुना फोर-व्हील ड्राइव्हची गाडी जड असते, आणि ती सहज पुढे जात असल्याने रस्ता निसरडा असल्याची जाणीव चालकाला उशिरा होते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यानंतर ०.७ घर्षणगुणांकाच्या कोरड्या सपाट रस्त्यावर सुमारे ९ मीटरमध्ये थांबते. ०.२ गुणांकाच्या घट्ट बर्फावर तिला सुमारे ३१ मीटर लागतात, तर ०.१ गुणांकाच्या कठीण बर्फावर सुमारे ६३ मीटर. रस्ता २०ला १ असा उतरता असेल, तर उपलब्ध घर्षणातील निम्मा वाटा उतारच खातो आणि हे अंतर सुमारे १२६ मीटरवर जाते. वेग निम्मा, म्हणजे ताशी २० किलोमीटर केला, तर अंतर चौथाईवर येते. तरीही उतारावर ते ३१ मीटरच्या पुढे राहते, आणि हिमालयातील घाटात पुढचे वळण बहुधा त्याच्या आत असते. चालकाच्या मेंदूला ब्रेक दाबण्यास लागणारा वेळ या आकड्यांत धरलेला नाही.

साखळी या दोन्ही गोष्टींवर काम करते. टायरचे रबर बर्फावर पसरून टेकते, तर साखळीच्या कड्या गाडीचे वजन थोड्याशा जागेवर एकवटून बर्फात रुततात. त्यामुळे ओढ, वळण आणि ब्रेक या तिन्हींची पकड वाढते. चढण चढून जाण्यासाठी फोर-व्हील ड्राइव्ह पुरेसा ठरला, तरी तीच चढण परत उतरण्यासाठी साखळी लागू शकते, हे लक्षात घेतले की या विषयातील बहुतेक शंका सुटतात.

येथे डिफरन्शियलचाही उल्लेख करणे आवश्यक आहे. वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापते, म्हणून एकाच ॲक्सलवरील दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दंतचक्रांची ही रचना असते. तिचा तोटा असा की, एक चाक बर्फावर सुटले की ते गरगर फिरत राहते आणि पकड असलेल्या दुसऱ्या चाकाला पुरेशी ओढ मिळत नाही. यावर उपाय म्हणून काही गाड्यांत डिफरन्शियल जखडण्याची सोय असते. पुण्याजवळील आकुर्डी येथे मुख्यालय असलेल्या फोर्स मोटर्सच्या गुरखा या गाडीत पुढील व मागील दोन्ही ॲक्सलवर ती आहे. मात्र निसरड्या वळणावर दोन्ही चाके जखडलेली असतील, तर गाडी वळण्याऐवजी सरळ घसरू पाहते. रुतलेली गाडी काढण्यापुरताच या सोयीचा उपयोग करावा.

कोणत्या चाकांना लावावी

फोर-व्हील ड्राइव्ह वाहनाच्या चारही चाकांना साखळ्या लावणे सर्वांत सुरक्षित होय. व्यवहारात बहुतेकांकडे एकच जोडी असते आणि मग ती पुढे लावावी की मागे, हा प्रश्न उद्भवतो. त्याचे पहिले उत्तर गाडीच्या पुस्तिकेत पाहावे, कारण काही गाड्यांत एका ॲक्सलवर साखळीसाठी जागाच नसते. सर्वसाधारण नियम असा की, जी गाडी एरवी मागच्या चाकांवर चालते आणि गरजेपुरती पुढची चाके जोडते, तिला साखळी मागे लावतात. ट्रक, पिकअप आणि जुन्या धर्तीच्या जीप या वर्गात मोडतात. जी गाडी मुळात पुढच्या चाकांवर चालते आणि मागची चाके आपोआप जोडून घेते, तिला साखळी पुढे लावतात. शहरी एसयूव्ही बहुधा या दुसऱ्या वर्गातल्या असतात.

एका जोडीचे धोके मात्र दोन्ही बाबतींत राहतात. साखळी फक्त मागे असेल, तर गाडी जोमाने पुढे जाते. परंतु स्टिअरिंग फिरवूनही पुढची उघडी चाके वळत नाहीत आणि गाडी वळणाच्या बाहेरच्या बाजूला सरकते. साखळी फक्त पुढे असेल, तर स्थिती अधिक वाईट होऊ शकते. उतारावर ब्रेक दाबला की वजन पुढे सरकते, हलकी झालेली मागची चाके पकड सोडतात आणि गाडीचा मागचा भाग फिरून पुढे येऊ पाहतो. एकाच ॲक्सलवर एका चाकाला साखळी आणि दुसऱ्याला नाही, अशी जुळणी कधीही करू नये. ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला ओढली जाते. मागे जोडटायर असलेल्या मोठ्या ट्रकला एकतर दोन्ही टायरना मिळून बसणारी तिहेरी साखळी लावतात, नाहीतर केवळ बाहेरच्या टायरला.

साखळी चढवण्याची रीत

साखळी बर्फाचा पट्टा सुरू होण्यापूर्वी, सपाट आणि रहदारीपासून दूर असलेल्या जागी चढवावी. गाडी रुतल्यानंतर किंवा चढणीच्या मध्यावर हे काम करणे कष्टाचे आणि धोक्याचे असते, कारण मागून येणारी गाडीही त्याच जागी घसरत येण्याची शक्यता असते. प्रथम हँडब्रेक ओढून, गाडी गिअरमध्ये ठेवून, इतर चाकांना दगडाची उटी द्यावी. साखळी जमिनीवर पसरून तिचे पीळ आणि गाठी काढाव्यात. आकड्यांची उघडी तोंडे टायरपासून दूर, बाहेरच्या बाजूला यावीत. ती उलटी बसली तर टायरची कड कापली जाते.

त्यानंतर साखळी टायरवर वरून पांघरावी आणि दोन्ही बाजूंनी सारखी खाली सोडावी. शिडीची साखळी चाकाच्या पुढे जमिनीवर अंथरून तिच्यावर गाडी हळूच चढवतात. आतल्या बाजूचा आकडा आधी जोडावा लागतो, कारण बाहेरची बाजू ताणल्यावर आत हात पोहोचत नाही. मग बाहेरचा आकडा जोडून, गाडी पाव फेरा पुढे घेऊन जमिनीखाली दबलेला भाग मोकळा करावा आणि उरलेला ढिलेपणा ताणपट्ट्याने काढावा. मोकळी राहिलेली टोके तारेने बांधून टाकावीत. साधारण शंभर मीटर चालवून गाडी थांबवावी आणि साखळी पुन्हा ताणावी. हे दुसरे ताणणे बहुतेक जण टाळतात आणि साखळी तुटण्याची किंवा निसटण्याची वेळ बहुधा त्यामुळेच येते. ढिली साखळी मडगार्डवर आपटते, ब्रेकची नळी तोडू शकते आणि चाकात गुंतून बसते. साखळी सैल बसते म्हणून टायरमधील हवा कमी करून ती चढवणे आणि मग हवा भरणे हा उपायही चुकीचा आहे. त्यासाठी योग्य मापाची साखळीच हवी.

हे सर्व वर्णन वाचण्यास सोपे आहे. शून्याखालच्या तापमानात, अंधारात, सुन्न बोटांनी आणि चिखलमिश्रित बर्फात गुडघे टेकून ते करणे वेगळे. म्हणून साखळी पुण्यातून निघण्यापूर्वी घराच्या अंगणात किंवा वाहनतळावर दोनतीनदा चढवून-उतरवून पाहणे शहाणपणाचे ठरते. तसे केल्याने साखळी चुकीच्या मापाची असल्यास ते घरीच उघडकीस येते. गाडी कोरड्या फरशीवर फिरवून पाहू नये, जागच्या जागी बसवणे पुरे. बरोबर जलरोधक हातमोजे, डोक्याला बांधायचा दिवा, अंथरायला ताडपत्रीचा तुकडा, लहान फावडे, पक्कड आणि थोडी तार ठेवावी.

साखळी लावून वाहन चालवणे

साखळी लावलेली गाडी सावकाश चालवावी लागते. उत्पादकांनी दिलेली वेगमर्यादा सामान्यतः ताशी ३० ते ५० किलोमीटर असते; जर्मनीत कायद्यानेच ती ५० किलोमीटर ठेवली आहे. गिअर बदलणे, वेग वाढवणे, ब्रेक दाबणे आणि वळणे ही कामे हळुवारपणे आणि एका वेळी एकच करावीत. वळणात शिरण्यापूर्वी वेग कमी करावा, वळणात ब्रेक दाबू नये. उतारावर फोर-व्हील ड्राइव्हचा लो गिअर टाकून इंजिनाच्या रोधानेच गाडी उतरवावी. या वेळी मात्र फोर-व्हील ड्राइव्ह खरोखर उपयोगी पडतो, कारण इंजिनाचा रोध चारही चाकांत वाटला जातो आणि एखादे चाक जखडून घसरण्याचा संभव कमी होतो. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून उतरवण्याची इंधन वाचवण्याची सवय येथे प्राणघातक ठरू शकते.

बर्फ संपून डांबर लागताच साखळी काढावी. कोरड्या रस्त्यावर ती लवकर झिजते, तुटते, टायर खराब करते आणि रस्त्यालाही ओरखडे पाडते. शिवाय डांबरावर पोलादाची पकड रबराहून कमी असते. ज्या गाड्यांत पुढचे व मागचे ॲक्सल थेट जोडले जातात, त्यांचा फोर-व्हील ड्राइव्हही कोरड्या रस्त्यावर सोडवावा लागतो, अन्यथा वळणांवर गिअरच्या यंत्रणेवर पीळ बसतो. वापरानंतर साखळी धुऊन, वाळवून आणि तेलाचा हात फिरवून ठेवावी.

भारतातील वापर

भारतात साखळ्यांचा सर्वाधिक आणि सर्वांत जुना वापर लष्कर व सीमा सडक संघटना यांच्याकडे आहे. जबलपूरच्या वाहन कारखान्यात तयार झालेले स्टॅलियन आणि अडीच टनी टाटा ट्रक हे लष्कराचे फोर-व्हील ड्राइव्ह ट्रक लडाख, काश्मीर, सिक्कीम आणि अरुणाचल प्रदेशातील खिंडींतून रसद वाहतात आणि हिवाळ्यात त्यांच्या चाकांना साखळ्या चढतात. सीमा सडक संघटनेची स्थापना ७ मे १९६० रोजी झाली. तिच्या जनरल रिझर्व इंजिनिअर फोर्सचे केंद्र पुण्यात दिघी येथे असून भरती झालेले चालक, मेकॅनिक आणि यंत्रचालक यांची सुरुवातीची घडण तेथे होते. सह्याद्रीच्या पायथ्याशी, जेथे बर्फ कधीच पडत नाही, तेथून निघालेली ही माणसे पुढे ३,५२८ मीटर उंचीच्या झोजिला खिंडीत वा रोहतांगवर बर्फ कापण्याच्या कामावर रुजू होतात.

सामान्य पर्यटकाला साखळीची गरज अलीकडे अधिक भासू लागली, याचे कारण हिवाळ्यातही उघडे राहणारे नवे रस्ते. ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड पूर्वी हिवाळ्यात बंद होत असे आणि पर्यटक मनालीतच थांबत. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा सुरू झाला आणि डिसेंबर-जानेवारीत साध्या मोटारीही लाहौलमध्ये पोहोचू लागल्या. बोगदा बर्फापासून सुरक्षित असला, तरी त्याची दोन्ही तोंडे तीन हजार मीटरहून उंच आहेत आणि तेथवरचा सोलंग-धुंडीचा रस्ता उघड्यावर आहे. डिसेंबर २०२४च्या अखेरीस अचानक झालेल्या हिमवृष्टीत सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात सुमारे एक हजार वाहने अडकून पडली आणि पोलिसांना रात्री उशिरापर्यंत पर्यटकांची सुटका करावी लागली. अशा वेळी हिमाचल प्रदेशातील प्रशासन त्या रस्त्यावर केवळ फोर-व्हील ड्राइव्ह आणि साखळी लावलेल्या वाहनांनाच पुढे सोडते. काश्मीरमध्ये तंगमर्गहून सुमारे २,६५० मीटर उंचीवरील गुलमर्गकडे जाणाऱ्या रस्त्यावरही हिमवृष्टीनंतर हाच नियम असतो. तंगमर्गला साखळ्या भाड्याने मिळतात आणि त्या चढवून देणारी माणसेही असतात. अरुणाचल प्रदेशात ९ मार्च २०२४ रोजी सेला बोगदा आणि काश्मीरमध्ये १३ जानेवारी २०२५ रोजी सोनमर्ग बोगदा सुरू झाल्याने हिवाळी प्रवासाची व्याप्ती आणखी वाढली आहे.

या आदेशांतील ‘फोर-व्हील ड्राइव्ह किंवा साखळी’ हा पर्याय रहदारी खोळंबू नये या दृष्टीने योग्य आहे, कारण चढणीवर आडवी झालेली एक गाडी सारा घाट बंद पाडते. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीला साखळीची गरज नाही, असा त्याचा अर्थ काढला जाऊ नये. स्थानिक चालकांच्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांतही साखळ्या असतात आणि बर्फ कठीण झाला की ते त्या मुकाट्याने चढवतात. ज्या दिवशी त्यांनी गाडी बाहेर काढायची नाही असे ठरवले असेल, त्या दिवशी महाराष्ट्राच्या नंबरपट्टीच्या गाडीनेही मुक्कामीच राहावे हे उत्तम.

इतर देशांतील नियम

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात साखळीसक्तीच्या तीन पायऱ्या आहेत. दुसऱ्या पायरीत चारही चाकांना बर्फाचे टायर असलेल्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीला सूट मिळते, पण साखळी गाडीत बाळगावीच लागते. तिसऱ्या पायरीत कोणालाही सूट नाही. सॅन फ्रान्सिस्को परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना टाहो सरोवराकडे जाताना डॉनर खिंडीच्या महामार्गावर हे फलक भेटतात. जपानने डिसेंबर २०१८ पासून प्रचंड हिमवृष्टीच्या वेळी ठरावीक १३ पट्ट्यांत सर्व वाहनांना साखळी सक्तीची केली. नॉर्वेत साडेतीन टनांहून जड वाहनांनी हिवाळ्यात साखळ्या बाळगणे बंधनकारक आहे.

पर्याय

थंडीतही मऊ राहणाऱ्या रबराचे हिवाळी टायर युरोप व उत्तर अमेरिकेत सर्रास वापरतात. उन्हाळी टायरचे रबर थंडीत कडक होऊन पकड सोडते. खिळे बसवलेले टायर कठीण बर्फावर चांगले काम करतात, परंतु रस्ता उखडतात म्हणून अनेक ठिकाणी त्यांच्यावर निर्बंध आहेत. टायरवर चढवायचे कापडी मोजे हलके आणि लावण्यास सोपे असले तरी डांबरावर लगेच फाटतात. स्वीडनमध्ये विकसित झालेल्या एका स्वयंचलित प्रकारात गाडीखालचे लहान चाक बटण दाबताच टायरला टेकून फिरू लागते आणि साखळीचे तुकडे टायरखाली फेकत राहते. रुग्णवाहिका, अग्निशामक गाड्या आणि शालेय बस यांना ते सोयीचे पडते. खोल बर्फात मात्र ते निष्प्रभ ठरते.